मेरिट लिस्ट आणि मुक्कामी गाडी

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता ऑनलाइन लागतो. देवगाव रंगारीत तो दुसऱ्यांदा लागतो संध्याकाळी, चहाच्या टपरीवर. कुणाला किती पडले हे तोवर सगळ्या गावाला पाठ झालेलं असतं. राहिलेलं असतं एवढंच, की त्या मार्कांचं आता करायचं काय. ज्याचे मार्क, त्याला या बैठकीत बोलायला परवानगी नसते. तो बाहेर मोटरसायकलवर बसून ऐकतो.

"सायन्सच घ्या. दुसरं काही बघूच नका."

"आन् पुढं?"

"पुढचं पुढं बघता येईल. आधी सायन्स तर होऊ द्या."

सायन्सच्या पुढं काय असतं हे बोलणाऱ्याला ठाऊक नसतं, पण त्यानं आवाज खाली येत नाही. टपरीचा हिशेब साधा आहे. ऐंशीच्या वर सायन्स. साठ ते ऐंशी, तरी सायन्स, फक्त जरा हळू आवाजात. साठच्या खाली आर्ट्स, आणि आर्ट्ससोबत पहाटे उठून पोलीस भरतीसाठी पळायचं. कॉमर्सचं नाव कुणी काढत नाही, कारण गावात हिशेब येणारी माणसं अगोदरच आपापल्या दुकानात बसलेली आहेत आणि त्यांतल्या कुणी कॉमर्स केलेलं नाही.

बैठकीतला सर्वांत वजनदार माणूस म्हणजे मामा. आईचा भाऊ शहरात राहत असेल तर त्याचा शब्द शेवटचा. मग तो शहरात काय करतो हे विचारायची पद्धत नाही. मामाच्या खालोखाल पुतण्यावाले येतात. ज्याचा पुतण्या पुण्यात कंपनीत लागला तो इंजिनिअरिंगच्या बाजूचा आणि ज्याचा लागला नाही तो विरोधातला. दोघांनीही आपापला अभ्यास एकाच पुतण्यावर केलेला असतो. कृषी सेवा केंद्रवाल्याचं मत वेगळंच. त्याला बीएस्सी अ‍ॅग्रीशिवाय कशातच भविष्य दिसत नाही, आणि वीस वर्षं उधारीवर खत विकून त्याला शेतकऱ्याचं भविष्य दिसत असेल तर आपण वाद घालू नये.

गंमत अशी, की हीच माणसं बैल घ्यायची वेळ आली की चार बाजार हिंडतात. दात बघतात, खूर बघतात, शेपटी पिळतात, औताला धरून दोन तास चालवून बघतात, आणि मग रुमालाखाली बोटं धरून भाव करतात. कॉलेज घेताना फक्त गेट बघतात. गेट मोठं असलं की कॉलेज चांगलं. गेटच्या आत वॉचमन असला तर फारच चांगलं. प्रयोगशाळेत नळाला पाणी येतं का, इंग्रजीची जागा भरलेली आहे की तासिका तत्त्वावर चाललंय, ग्रंथालय किती वाजता बंद होतं, हे विचारणारा बाप मी अजून पाहिलेला नाही. प्राध्यापकांनाही तो भेटला नसावा, नाहीतर त्यांनी सांगितलं असतं.

आमच्या आजोबांच्या पिढीला हा ताप नव्हता. निवडायला काही नव्हतंच. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं, हैदराबादला, आणि शिकवायची भाषा उर्दू. औरंगाबादेत १९२३ पासून इंटरपर्यंतचं सरकारी कॉलेज होतं. त्यापुढं शिकायचं तर लासूर स्टेशनला जाऊन गाडी पकडायची आणि हैदराबाद गाठायचं. अर्थात हैदराबाद गाठणारे हाताच्या बोटांवर. बाकीच्यांनी लासूरपर्यंत बैलगाडी नेली ती सरकी विकायला. १९३८ मध्ये वसतिगृहातल्या मुलांनी 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून उस्मानियानं त्यांना काढून टाकलं आणि नागपूर विद्यापीठानं त्यांतल्या अनेकांना घेतलं. कॉलेज बदलायचं त्या काळातलं हे कारण. आजकाल 'मेस बरोबर नाही' म्हणून बदलतात.

मग १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत कॉलेज काढलं. तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हातून इमारतीची कोनशिला बसली. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून ज्यांच्या घरात कुणी कधी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं अशी पोरं नागसेनवनात, म्हणजे मिलिंदच्या आवारात, येऊन राहिली. त्यांना कुणी मामानं सल्ला दिलेला नव्हता, कारण मामाही निरक्षर होता. पण तिथं काय काय झालं बघा. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' नाटक लिहिलं, ते मिलिंदच्या पोरांनी केलं. गंगाधर पानतावण्यांसारखे लोक तिथं शिकवू लागले, आणि त्यांच्या 'अस्मितादर्श'मधून लिहिणाऱ्यांची एक फळीच उभी राहिली. अभ्यासक्रमात यातलं काही नव्हतं. २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं आणि हैदराबादची वारी संपली. त्यानंतर देवगिरी आलं, मौलाना आझाद आलं, सरस्वती भुवनचं कॉलेज आलं. पुढं तालुक्यातालुक्यात कॉलेजं निघाली. कन्नडला शिवाजी महाविद्यालय, वैजापूरला विनायकराव पाटील, खुलताबादला चिश्तिया. आणि खुद्द देवगावात आसारामजी भांडवलदार यांच्या नावाचं कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय.

म्हणजे ज्या गावातून कॉलेजसाठी हैदराबादला जावं लागत होतं, त्या गावात आता कॉलेजला चालत जाता येतं. आणि चालत जाता येतं हाच त्याचा मोठा दोष मानला जातो. घरापासून लांब असल्याशिवाय शिक्षण अंगी लागत नाही, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. बाप म्हणतो, "इथं घातलं तर दुपारी घरी जेवायला येईल." जणू दुपारच्या जेवणानं पदवीला भोक पडतं.

सरकारनं यात २०२५ साली आणखी मजा आणली. अकरावीचा प्रवेश सबंध महाराष्ट्रात ऑनलाइन केला. त्याआधी हे प्रकरण मोठ्या शहरांपुरतं होतं. आता देवगावच्या पोरानंही अर्ज भरायचा, दहापर्यंत पसंतिक्रम द्यायचे, आणि मेरिट लिस्टची वाट बघायची. पहिल्याच दिवशी वेबसाइट बसली. चार-पाच दिवसांनी ती पुन्हा उठली. तोवर ई-सेवा केंद्रवाल्यानं दुकानाबाहेर दोन खुर्च्या वाढवल्या होत्या.

आमच्याकडचं दृश्य असं होतं. कॉलेज समोर दिसतंय. शिपाई ओळखीचा आहे, तो दारात उभा राहून "ये की रे" म्हणतोय. जागा इतक्या मोकळ्या आहेत की वर्गात झोपायला जागा मिळेल. आणि पोरगं मोबाइलवर 'आपला अर्ज प्रक्रियेत आहे' हे वाक्य वाचत कुंपणाबाहेर उभं आहे. त्याला या कॉलेजात प्रवेश मिळेल की नाही हे पुण्याहून कळणार. जून संपत आला तरी पुणे काही बोलेना. शेवटी लिस्ट लागली आणि त्याला कुंपणाच्या आत जायला परवानगी मिळाली. घरच्यांनी पेढे वाटले. इतक्या खटपटीनं मिळालं म्हणजे कॉलेज चांगलंच असणार, असा गावाचा त्याच्याबद्दलचा ग्रह तेव्हापासून जरा सुधारला, हा या योजनेचा एक अनपेक्षित फायदा.

पसंतिक्रमाचा नियम मात्र पुष्कळांना झोंबला. पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज मिळालं तर घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. आपल्याला ही सवय नाही. आपण पहिल्या नंबरला जे लिहितो ते मिळावं म्हणून लिहीत नाही, शोभा म्हणून लिहितो. एकाच्या वडिलांनी पहिल्या नंबरला शहरातलं एक मोठं नाव टाकलं, का, तर पाहुण्यांत सांगायला बरं. पोराला चांगले मार्क होते, ते मिळालं. आता पोराला राहायचं कुठं, मेसचे पैसे कुठून, याचा घरात कुणी विचारच केलेला नव्हता. आठ दिवस घरात सुतक. "मिळालं कामून?" असं त्याची आजी सगळ्यांना विचारत होती.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही, ज्यानं भोगलं त्याला माहीत आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमिलेअर, जात वैधता, आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. एक कागद आणायला गेलं की दुसऱ्याची मुदत संपते. एवढंच सांगतो की आमच्याकडं बीए व्हायच्या आत पोरगा महसूल खात्यात आपोआप तयार होतो.

आता मुद्द्याचं. टपरी, मामा, पुतण्या, मेरिट लिस्ट हे सगळं झाल्यावर कॉलेज खरोखर कोण ठरवतं? एसटी ठरवते.

देवगावाहून संभाजीनगर, म्हणजे तेच औरंगाबाद, पन्नासेक किलोमीटर. रूम करून राहायची ऐपत नसेल तर रोज जा-ये. विद्यार्थ्याच्या मासिक पासाला दोन तृतीयांश सवलत आहे, त्यामुळं पैशाचं निभतं. निभत नाही ते वेळेचं. पहाटेची गाडी पकडली तर पहिला तास मिळतो, पण वेरूळपर्यंत झोप, खुलताबादला जाग, घाट उतरून दौलताबादच्या दिल्ली दरवाजाशी आलं की तिथं एखादा ट्रक कमानीत तोंड घालून बसलेला. यादवांचा किल्ला, तुघलकाची राजधानी वगैरे सगळा इतिहास खिडकीतून अर्धा तास बघायचा. पहिला तास गेला. इतिहास विषय असेल तर हजेरी द्यायला हरकत नसावी, पण देत नाहीत.

श्रावणात तर विचारू नका. शनिवार भद्रा मारुतीचे, सोमवार घृष्णेश्वराचे. शुक्रवारी रात्रीपासून खुलताबादच्या रस्त्यानं माणूसच माणूस, गाड्या बंद किंवा वळवलेल्या. उरलेल्या दिवसांत कॉलेज करायचं. त्यात एक दिवस पोळा. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम ज्यानं केला तो या रस्त्यानं श्रावणात एकदाही आलेला नसावा.

म्हणून शहाणे लोक कॉलेजचं माहितीपत्रक बघत नाहीत, स्थानकावरचा वेळापत्रकाचा फळा बघतात. नॅकचं ए प्लस असो नाहीतर बी, संध्याकाळी परत यायला गाडी आहे का? मुलीच्या बाबतीत तर हा एकच प्रश्न असतो, आणि इथं मला फारसं हसू येत नाही. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट आहे. बारावीनंतरही बाईमाणसाला २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. तरी घरात दोघं शिकणारी असली तर भाऊ संभाजीनगरला रूम करून, आणि बहीण, जिचे मार्क त्याच्याहून जास्त, ती जिथून उजेडात परत येता येईल तिथं. "तिलाही पाठवलं असतं हो, पण गाडीचं जमत नाही." गाडीचं भावालाही जमत नव्हतं, म्हणूनच त्याला रूम करून दिली होती.

याच्या बरोबर उलटा प्रकार म्हणजे जिथं जावंच लागत नाही असं कॉलेज. मराठवाड्यात या जातीची मागणी जबरदस्त. नीट किंवा जेईई करायची, तर मुलगा लातूरला किंवा संभाजीनगरला क्लासमध्ये. क्लासला सुट्टी नसते, मग कॉलेजला जायचं कधी? त्यामुळं नाव कुठल्याशा आडगावच्या ज्युनिअर कॉलेजात. परिणाम असा, की शहरातल्या डॉक्टरांचा मुलगा कागदावर खेड्यात शिकतो आणि खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा शहरात क्लासच्या बाकावर बसतो. दोघांची गाठ पडते बारावीच्या प्रॅक्टिकलला. दोघंही व्हरांड्यात उभे, आणि एकमेकांना विचारतात, "लॅब कुठं आहे?" अशा कॉलेजबद्दल आईबापांचं मत मात्र फार चांगलं असतं. तक्रारीला जागाच नाही. लेकरू तिथं गेलंच नाही तर तक्रार कशाची करणार?

जे जातात त्यांचं बघू. नव्या शैक्षणिक धोरणानं पदवी आता चार वर्षांपर्यंत ताणता येते आणि विषयांना विषय म्हणत नाहीत. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस. पहिल्या आठवड्यात पोरांना वाटतं ही परीक्षांची नावं आहेत. दुसऱ्या आठवड्यात प्राध्यापकांनाही तसंच वाटायला लागतं. मी एका पोराला विचारलं, "मायनर काय घेतलंस?" म्हणाला, "सरांनी दिलं ते." "आणि मेजर?" "ते अगोदरच दिलेलं होतं."

राष्ट्रीय सेवा योजना हा एक चांगला प्रकार आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली सुरू झालेला. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं शिबिर. शहरातली पोरं शिबिरात पहिल्यांदा विहीर बघून थक्क होतात म्हणे. आमची पोरं शिबिराला जातात ते गाव शेजारचंच, तिथं निम्म्यांच्या आत्या-मावश्या. दिवसा श्रमदान, रात्री आत्याकडं जेवण. ग्रामीण जीवनाचा परिचय व्हावा असा शिबिराचा हेतू अहवालात लिहिलेला असतो. घरी कपाशीला पाणी देऊन आलेल्या पोराला तो परिचय करून द्यायचा म्हणजे अवघड काम, पण प्रमाणपत्र मिळतं. एक मात्र मी पाहिलंय. घरी ताटही न उचलणारा पोरगा शिबिरात पन्नास जणांच्या पोळ्या मोजायला शिकून येतो. आईच्या दृष्टीनं पदवीपेक्षा हे मोठं.

पण कॉलेजचा खरा उपयोग होतो तो तास संपल्यापासून गाडी येईपर्यंत. प्रॅक्टिकल संपतं चारला, गाडी साडेपाचला. दीड तास करायचं काय? कॅन्टीनमध्ये बसायला पैसे लागतात. स्थानकावर बसलं तर गावातलं कुणीतरी बघतं आणि घरी निरोप आपल्या आधी पोचतो. राहतं ग्रंथालय. तिथं पंखा आहे, पैसे पडत नाहीत, आणि गावातलं कुणी तिथं येण्याची शक्यता शून्य. सुरुवातीला पोरं तिथं मोबाइल चार्जिंगला लावून पेपरमधलं राशिभविष्य वाचतात. ग्रंथपाल डोळे वटारतात म्हणून एखादं पुस्तक पुढ्यात घेतात. मग कधीतरी मोबाइलची बॅटरी गेलेली, वीजही गेलेली, आणि पुढ्यात फक्त पुस्तक. तिथं काही जण फसतात.

एक जण असा 'कोसला'त फसला. खानदेशातल्या खेड्यातला पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात जातो आणि त्याचं काय होतं, ते नेमाड्यांनी १९६३ साली लिहिलेलं. पोरानं पुस्तक घरी आणलं. वडिलांनी कव्हर बघितलं, आणि रेशीम उद्योगावरचं असणार म्हणून तुतीच्या अनुदानाचं पान कुठं आहे ते शोधत बसले. पोराला मात्र पहिल्यांदाच कळलं, की घरून पैसे मागवून कॉलेजात बसायची लाज वाटणारे आपण एकटे नाही. हे त्याला कुठल्या मेजरमध्ये शिकवलं असतं कोण जाणे.

वक्तृत्वाचं, नाटकाचंही असंच. युवक महोत्सव जवळ आला की तालीम तासांनंतरच होते, म्हणजे गाडी चुकवून. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांची 'जिगीषा' औरंगाबादेतच उभी राहिली, हे तालीम घेणारे सर दरवर्षी सांगतात. दरवर्षी एखादं पोरगं त्यावर विचारतं, "सर, पण ते जात कशानं होते घरी?"

मुलींचं ग्रंथालय जमत नव्हतं. त्यांची उजेडात घरी पोचवणारी शेवटची गाडी तास संपायच्या आधीच निघायची, त्यामुळं शेवटचा तास सोडून पळावं लागायचं. मास्तरांनी रागावून झालं, घरच्यांनी "मग कॉलेजच सोड" म्हणून झालं. शेवटी राज्यशास्त्राच्या दोघीतिघींनी बसून आगारप्रमुखांना अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं जिथल्या तिथं. खाली मुलींच्या सह्या, त्याखाली प्राचार्यांचं शिफारसपत्र, सोबत तासांच्या वेळापत्रकाची प्रत. कार्यालयानं सांगितलं, साहेब मीटिंगला गेलेत. त्या बाकड्यावर बसून राहिल्या. वाट बघायची सवय होतीच. पुढच्या खेपेला आवक क्रमांक घेतला, त्याच्या पुढच्या खेपेला त्या क्रमांकाचा हवाला देऊन दुसरा अर्ज. गाडी पंचवीस मिनिटांनी पुढं सरकली.

त्या गाडीनं आता पोरंही येतात. शेवटच्या तासाला दांडी मारायला त्यांच्याकडं पूर्वी 'सर, गाडी आहे' हे एकच कारण होतं, आणि ते या पोरींनी घालवलं, असं एक जण मागच्या सीटवरून जरा मोठ्यानंच म्हणाला. पुढच्या सीटवरून उत्तर आलं, "मग तूही लिही की अर्ज." तो म्हणाला, लिहिला असता, पण विषयाच्या रकान्यात काय लिहायचं ते येत नाही.